वणवा आणि गाव: लोकांना सोबत घेऊन वणव्याचा धोका कसा कमी करायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वणव्याच्या कामात गावांसोबत बसलं की तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांब आहेत, कारण त्या ठिकाणी घाईने दिलेलं उत्तर कुणाच्या तरी जिवावर बेतू शकतं.

वणवा विझवायला वनखातं आहे, अग्निशमन दल आहे. गावाने यात का पडावं?

आग कुणाची वाट बघत नाही, म्हणून. वाळक्या गवतात पडलेली ठिणगी पहिल्या काही मिनिटांत दोन माणसं हिरव्या डहाळ्यांनी झोडपून विझवू शकतात. तासाभराने त्याच आगीला पन्नास माणसं पुरत नाहीत. दल कितीही सज्ज असलं तरी ते रस्त्याने येतं, आणि जंगलात रस्ते थोडे. त्या घडीला डोंगराच्या त्या कुशीत कोण असतं? गुराखी, सरपणाला गेलेल्या बायका, शेतावर राहणारं एखादं कुटुंब. धूर सगळ्यात आधी त्यांना दिसतो.

दुसरं कारण आगीच्या उगमाशी आहे. अमेरिकेतल्या १९९२ ते २०१२ या काळातल्या वणव्यांच्या नोंदी तपासल्या तेव्हा ८४ टक्के आगी माणसामुळे लागल्याचं दिसलं; उरलेल्या विजेमुळे. जगाच्या बऱ्याच भागांत हे प्रमाण याहूनही जास्त आहे. आग माणसापासून सुरू होत असेल, तर ती टाळण्याची वाटही माणसांशी बोलण्यातूनच जाते. हेलिकॉप्टरमधून पाणी टाकता येतं, पण बांध कधी पेटवायचा यावर शेजाऱ्यांचं एकमत हेलिकॉप्टर करू शकत नाही.

आणि पैशाचंही बघा. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२२ च्या अहवालात दाखवून दिलं की वणव्यावरच्या खर्चातला निम्म्याहून अधिक भाग आग लागल्यानंतर विझवण्यावर जातो आणि नियोजनाला एक टक्काही मिळत नाही. त्याच अहवालाची शिफारस अशी की दोन तृतीयांश पैसा नियोजन, प्रतिबंध, पूर्वतयारी आणि नंतरच्या सावरण्यावर जावा, विझवण्यासाठी एक तृतीयांश ठेवावा. ही बहुतेक कामं गावाच्या हद्दीतच करायची असतात, आणि गावाशिवाय ती होत नाहीत.

लोकसहभाग म्हणजे जनजागृती फेरी, फलक, शाळेत चित्रकला स्पर्धा, असंच ना?

नाही. फलक लावायला हरकत नाही, पण फलक वाचून कुणाची गरज बदलत नाही. ज्याला गुरांसाठी कोवळं गवत हवं आहे, त्याला आग वाईट असते हे सांगून काय होणार? त्याला पर्याय हवा.

या विषयाकडे जगाचं लक्ष वळलं ते १९९७-९८ च्या मोठ्या वणव्यांनंतर. २००१ मध्ये इंडोनेशियातल्या बालिकपापन इथे केवळ लोकाधारित वणवा व्यवस्थापनावर आंतरराष्ट्रीय परिषद झाली. तिथे ज्या मुद्द्यावर खल झाला तो आजही तसाच आहे: लोकांना फक्त मजूर म्हणून बोलवायचं, की निर्णयात वाटा द्यायचा? माझं उत्तर स्पष्ट आहे. जंगलाचा कोणता भाग कधी जाळायचा, कुठला अजिबात जाळायचा नाही, जाळरेषा (आग अडवायला गवत-पाला काढून मोकळा ठेवलेला पट्टा) कुठून न्यायची, वाचलेल्या गवताचा, लाकडाचा, वनोपजाचा फायदा कुणाला, हे ठरवताना गाव बैठकीत नसेल, तर त्या कामाला सहभाग म्हणू नये.

पण आगी लोकच लावतात. त्यांच्याच हाती व्यवस्थापन द्यायचं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि विचारणाऱ्याच्या आवाजात बहुधा राग असतो. राग समजू शकतो. तरी आधी एक करा: आग कुणी लावली हे विचारण्याआधी ती का लागली हे विचारा. नवं गवत फुटावं म्हणून, पालापाचोळ्याखालचं वेचता यावं म्हणून, पायवाट मोकळी व्हावी म्हणून, साप-विंचू आणि हिंस्र प्राणी दूर राहावेत म्हणून, शेतातली आग हाताबाहेर गेली म्हणून, विडीचं थोटूक फेकलं म्हणून, जमिनीच्या भांडणात सूड म्हणून. ही सात कारणं झाली, आणि प्रत्येकावरचा उपाय निराळा आहे. सगळ्यांवर एकच उपाय, म्हणजे गुन्हा दाखल करणं, वापरला की लोक आग लावायचे थांबत नाहीत; आग लागल्याचं कळवायचे मात्र थांबतात.

रागातून लागणाऱ्या आगीचं सगळ्यात बोलकं उदाहरण आजच्या उत्तराखंडातल्या कुमाऊंचं. ब्रिटिश सरकारने तिथली जंगलं राखीव करून गावांचे चराईचे, लाकडाचे हक्क आवळले. १९२१ मध्ये लोकांनी चीड नावाच्या पाइन वृक्षाची जंगलं ठिकठिकाणी पेटवून दिली. पिढ्यान्‌पिढ्या ज्यावर गुजराण केली तेच जंगल आता परकं झालं होतं, सरकारचं झालं होतं, म्हणून ते जळलं. सरकारने तक्रारी ऐकायला समिती नेमली, आणि १९३१ मध्ये वनपंचायतींचे नियम आले: गावाजवळचं जंगल गावाने निवडलेल्या पंचायतीकडे. ज्यांनी आगी लावल्या होत्या त्याच भागात लोक राखणदार नेमू लागले, आपल्याच माणसांना दंड करू लागले. माणसं तीच राहिली होती, त्यांचं जंगलाशी नातं बदललं होतं.

हे सांगताना दुसरी बाजूही सांगायला हवी. पुढे १९७६ आणि २००१ च्या नियमांनी वनखात्याचा वरचष्मा वाढवला, वनपंचायतींचा अधिकार आक्रसत गेला. आजही त्या डोंगरांत वणवे लागतात. पंचायत कागदावर असणं आणि तिच्या हाती निर्णय व पैसा असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आगीवर सरसकट बंदी घातली तर प्रश्नच मिटेल ना?

हा प्रयोग होऊन गेला आहे. १९१० च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या आयडाहो-मोंटाना भागात सुमारे १२ लाख हेक्टर जंगल जळालं. त्या धक्क्यातून धोरण कडक होत गेलं, आणि १९३५ मध्ये नियम आला की दिसलेली प्रत्येक आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आलीच पाहिजे. तिथले मूळ रहिवासी शतकानुशतकं थोडं थोडं जंगल जाळत आले होते, तेही गुन्हा ठरवलं गेलं. परिणाम कळायला काही दशकं गेली. पूर्वी लहान आगीत संपणारा पालापाचोळा, वाळकी झुडपं, दाटीने उगवलेली रोपं साचत राहिली. आणि मग लागलेली आग जमिनीवरून न सरकता झाडांच्या शेंड्यांवरून धावू लागली.

याच्या उलट चित्र उत्तर ऑस्ट्रेलियात, आर्नहेम लँडमध्ये दिसतं. तिथले आदिवासी मालक कोरड्या मोसमाच्या सुरुवातीला, गवतात अजून ओल असताना, दव पडत असताना लहान लहान तुकडे जाळतात. आग संथ चालते, रात्री आपोआप विझते, मागे जळलेल्या-न जळलेल्या जमिनीची गोधडी उरते. मोसमाच्या शेवटी येणारा मोठा वणवा त्या गोधडीत अडखळतो. २००६ पासून पश्चिम आर्नहेम लँडच्या सुमारे २८,००० चौरस किलोमीटरवर हे काम वनरक्षक म्हणून नेमलेले स्थानिक लोक करतात, सोबत शास्त्रज्ञ असतात. उशिराच्या भीषण आगी टळल्याने मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड हे तापमानवाढ करणारे वायू कमी निघतात, आणि त्या बचतीचा मोबदला डार्विनच्या एका नैसर्गिक वायू प्रकल्पाने द्यायचा असा करार झाला. आजीकडून आलेलं ज्ञान आणि उपग्रहाचा नकाशा तिथे एकाच टेबलावर ठेवला जातो.

मग सगळीकडे आधीच थोडं थोडं जाळून टाकावं का?

मुळीच नाही. गवताळ माळ आणि काही विरळ, कोरडी जंगलं आगीसोबत वाढलेली असतात. सदाहरित दमट जंगलाचं तसं नाही. तिथल्या झाडांची साल पातळ असते, एका आगीत ती मरतात, आणि उघड्या झालेल्या जागेत गवत शिरलं की पुढची आग सोपी होते. दलदलीच्या पीट जमिनीत, म्हणजे अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याच्या जाड थरात, तर आग खाली शिरून आठवडेच्या आठवडे धुमसते. २०१५ मध्ये इंडोनेशियात सुमारे २६ लाख हेक्टर जळालं, त्यात असा मोठा भाग होता. तिथे उपाय म्हणजे पाणी वाहून नेणारे कालवे बांध घालून अडवणं आणि जमीन पुन्हा ओली करणं. आपलं जंगल कोणत्या प्रकारचं, हे ठरल्याशिवाय काडी ओढू नये.

जाळरेषा किती रुंद असावी?

आकडा विचारण्याआधी जागा विचारा. समोर येणाऱ्या ज्वाळेच्या उंचीवर रुंदी ठरते: बुटक्या गवतात दोन-तीन मीटर पट्टा पुरू शकतो, डोक्याएवढ्या गवतात किंवा उतारावर तो कुचकामी ठरतो. आधीपासून असलेल्या गोष्टी जोडत गेलात तर मेहनत निम्मी होते: ओढा, बैलगाडीची वाट, नांगरलेलं शेत, कातळ. पट्ट्यातला पाला खाली मातीपर्यंत निघाला पाहिजे. आणि तो एकदा काढून भागत नाही. पानगळ सुरू असताना आठवड्यात पुन्हा भरतो. माणूस उभा नसलेली जाळरेषा आग थोडी रोखते, पण उडत आलेली ठिणगी विझवायला पलीकडच्या बाजूला कुणी तरी लागतंच.

उपग्रहावरून आगीचे इशारे मोबाईलवर येतात. मग पहारा कशाला?

इशारे फार उपयोगाचे आहेत, नोंदणी जरूर करा. पण त्यांची मर्यादा ओळखा. मोडिस या संवेदकाचा एक ठिपका म्हणजे सुमारे एक किलोमीटर, व्हीआयआयआरएसचा ३७५ मीटर. उपग्रह ठरावीक वेळांनाच डोक्यावरून जातो. दोन फेऱ्यांच्या मध्ये लागून विझलेली आग त्याला दिसत नाही, ढगांखालची दिसत नाही, दाट छत्राखालून सरपटणारी अनेकदा दिसत नाही. शिवाय माहिती तयार होऊन हाती पडायला काही तास जाऊ शकतात. टेकडीवर बसलेल्या माणसाला धूर लगेच दिसतो, आणि तो धूर चुलीचा की जंगलाचा हेही कळतं. दोन्ही ठेवा. इशारा ज्या फोनवर येतो तो फोन रेंजमध्ये असलेल्या, उठून जाऊ शकणाऱ्या माणसाचा असू द्या. वाया गेलेले कितीतरी इशारे तालुक्याच्या गावी एखाद्या टेबलावर वाजत राहिलेले असतात.

आग लागली की गावकऱ्यांनी विझवायला धावावं का?

धावू नये. आधी थांबावं, बघावं, मग ठरवावं. हे वाक्य भित्रेपणाचं वाटेल, पण वणव्यात मेलेल्यांपैकी पुष्कळ जण मदतीच्या भावनेने घाईत गेलेले होते.

ढोबळ कसोटी अशी: ज्वाळा कमरेच्या वर, म्हणजे साधारण सव्वा मीटरच्या वर असेल, तर हाती डहाळी-फावडं घेऊन तिच्या तोंडाशी उभं राहता येत नाही. अशी आग मागून आणि बाजूने आवळत न्यायची, किंवा बऱ्याच पुढे जाऊन जाळरेषेवर तिची वाट बघायची. आग चढावर वेगाने धावते. दर दहा अंश चढाला तिचा वेग साधारण दुप्पट होतो, कारण वरचं गवत तिच्या धगीने आधीच वाळून तयार झालेलं असतं. म्हणून आगीच्या वर, चढाच्या बाजूला कधीही उभं राहू नये. घळीत, खिंडीत शिरू नये. तिथे धुराड्यासारखी आग वर ओढली जाते.

१९४९ मध्ये मोंटानातल्या मान गल्च घळीत प्रशिक्षित, तरुण, काटक माणसांच्या पथकाला गवतातली आग चढावर गाठून गेली. १३ जण गेले. पथकप्रमुख वॅग्नर डॉज यांनी समोरचं गवत स्वतःच पेटवलं आणि जळून गेलेल्या राखेत पालथे पडून राहिले, ते वाचले. त्यांनी बाकीच्यांना बोलावलं होतं, पण असं काही करतात हे कुणाला ठाऊक नव्हतं, कुणी थांबलं नाही. सरावात जे कधी पाहिलं नाही ते धगीसमोर उभं असताना कुणी शिकत नाही.

पॉल ग्लीसन या अमेरिकी अग्निशामकाने १९९१ मध्ये चार गोष्टींचा नियम मांडला, तो गावाच्या टोळीलाही तसाच लागू पडतो. एक जण फक्त आगीवर आणि वाऱ्यावर नजर ठेवेल, तो झोडपायला हात लावणार नाही. त्याचा आवाज, शिट्टी किंवा फोन सगळ्यांपर्यंत पोहोचेल. पळायच्या वाटा, एक नव्हे दोन, आधी चालून पाहिलेल्या असतील. आणि त्या वाटा जिथे संपतात ती जागा खरोखर सुरक्षित असेल: जळून काळी झालेली जमीन, नांगरलेलं रान, नदीचं पात्र. या चारपैकी एक जरी नसेल तर परत फिरा. जंगल पुन्हा येतं.

कपडे सुती, अंगभर. नायलॉन-पॉलिस्टर धगीने वितळून कातडीला चिकटतं. पायात चामडी बूट, चप्पल नको. नाका-तोंडाला कोरडं सुती फडकं, कारण ओलं फडकं धगीत वाफ फुफ्फुसात नेऊ शकतं. पाणी भरपूर. पोरांना, गरोदर बाईला, दम्याच्या किंवा हृदयाच्या रुग्णाला नेऊ नये, दारू प्यायलेल्याला तर नाहीच. आग विझल्यासारखी दिसली तरी बुंधे, मुळं, शेणाच्या गोवऱ्या हाताच्या मागच्या बाजूने धग बघत तपासायच्या. दुपारच्या वाऱ्यावर पुन्हा भडकणाऱ्या आगी बहुधा अशाच उरलेल्या निखाऱ्यातून येतात.

वस्तीपर्यंत आग आली तर?

बहुतेक घरं ज्वाळेच्या भिंतीने पेटत नाहीत. ती पेटतात वाऱ्याने उडत आलेल्या निखाऱ्यांनी, जे छपराच्या फटीत, पन्हाळीतल्या पाल्यात, भिंतीला टेकवून रचलेल्या सरपणात पडतात. म्हणून भिंतीपासून दीड मीटरपर्यंत जळण्याजोगं काहीही नको. नऊ मीटरपर्यंत गवत कापलेलं, सरपण आणि कडबा त्यापलीकडे. तीस मीटरपर्यंत झाडं विरळ आणि खालच्या फांद्या छाटलेल्या. हे एका घराने करून भागत नाही, शेजारचा गोठा पेटला की तुमचंही जातं.

निघायचं असेल तर लवकर निघायचं. पोर्तुगालमध्ये जून २०१७ च्या पेद्रोगाओ ग्रांदेच्या आगीत ६६ माणसं गेली. त्यातली बहुतेक रस्त्यावर, वाहनांतून पळत असताना. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात ७ फेब्रुवारी २००९ ला १७३ माणसं गेली, आणि निम्म्याहून अधिक घरांच्या आत. एक उशिरा निघण्याचा धडा, दुसरा अतिभीषण दिवशी घर लढवत बसण्याचा. पोर्तुगालने त्यानंतर २०१८ पासून ‘सुरक्षित गाव, सुरक्षित माणसं’ या अर्थाचा कार्यक्रम सुरू केला: प्रत्येक गावात गावातलाच एक सुरक्षा अधिकारी, आसऱ्याची ठरलेली जागा, बाहेर पडण्याची रंगीत तालीम. म्हाताऱ्या, एकट्या माणसाच्या दारावर कोण थाप मारणार, हे नावानिशी ठरलेलं असतं. आपल्या गावात हे आज ठरवायला एक संध्याकाळ पुरते.

आग विझवणाऱ्यांना पैसे द्यावेत का?

द्यावेत, पण कशाचे, ते नीट ठरवावं. प्रत्येक विझवलेल्या आगीमागे मजुरी दिली तर आगी कमी होण्यात कुणाचाच फायदा उरत नाही. मोसमभराच्या पहाऱ्याचं, जाळरेषेच्या कामाचं, न जळलेल्या क्षेत्राचं मोल गावाला द्यावं. ऐन मोसमातला माणूस दिवसाची मजुरी बुडवून येतो. त्याला ‘स्वयंसेवक’ म्हणून टाळ्या देणं अन्यायाचं आहे. विमा, औषधोपचार आणि साधनं ही तर किमान गोष्ट, ती उपकार म्हणून देऊ नये.

चराईने आग कमी होते का?

होते, योग्य जागी. स्पेनच्या अंदालुसियात मेंढपाळांना जाळरेषांवर शेळ्या-मेंढ्या चारण्याचा मोबदला मिळतो; पट्टा किती साफ झाला हे तपासून रक्कम ठरते. मात्र नुकतंच जळून कोंब फुटलेल्या भागात गुरं लगेच सोडली तर जंगल उठत नाही.

बैठकीला येतात ते चार-पाच पुरुषच. काय करावं?

बैठकीची वेळ बदला, जागा बदला. सरपण, पाला, चारा आणणाऱ्या बायकांना जंगलातल्या वाटा आणि वाळलेले भाग सगळ्यात चांगले ठाऊक असतात. संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळी सभा ठेवली तर ते ज्ञान बाहेरच राहतं. हंगामापुरते येणारे मेंढपाळ आणि मजूर गावच्या यादीत नसतात, पण जंगलात असतात. त्यांच्या तळावर जाऊन बोला. नेपाळमध्ये १९९३ च्या वन कायद्यानंतर उभे राहिलेले २२,००० हून अधिक सामुदायिक वन उपभोक्ता गट आहेत. तिथेही कार्यकारिणीत स्त्रियांची जागा नुसती असून पुरत नाही, त्यांचा शब्द चालतो का हे विचारावं लागतं.

नियोजित आग हाताबाहेर गेली तर जबाबदार कोण?

हा प्रश्न आधी सोडवला नाही तर कुणी पुढे येणार नाही. कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये कायदा बदलून असं केलं की प्रशिक्षित व्यक्तीने किंवा परंपरेने जाळणाऱ्या मूळ रहिवाशांनी नियम पाळून लावलेली आग पसरली, तर घोर निष्काळजीपणा असल्याशिवाय विझवण्याचा खर्च त्यांच्या माथी मारता येत नाही. तुमच्याकडे असा कायदा नसेल तर निदान लेखी परवानगी, वाऱ्याची व ओलाव्याची नोंद, शेजारच्या गावांना आदल्या दिवशी निरोप आणि हजर माणसांची यादी ठेवा.

काम जमतंय हे कसं ओळखायचं?

आगींच्या संख्येवरून ओळखू नका. गाव जागं झालं की पहिल्या वर्षी नोंदी वाढतात, कारण लोक कळवू लागतात. धूर दिसल्यापासून पहिला माणूस पोहोचेपर्यंत किती वेळ लागला, सरासरी आग किती क्षेत्रावर अडली, कुणी जखमी झालं का, आणि जळलेल्या जागी दोन पावसाळ्यांनी काय उगवलं, हे लिहून ठेवा. वहीत, तारीखवार, आग ज्या जागी लागली त्या जागेच्या स्थानिक नावासह.

आग होऊन गेल्यावर गावाने काय करायचं?

पहिल्या आठवड्यात, आठवण ताजी असताना, सगळ्यांनी बसून त्या दिवशी काय झालं ते सांगायचं. दोष देण्यासाठी ही बैठक नाही, हे सुरुवातीलाच बोलून घ्यायचं, नाहीतर खरं कुणी बोलत नाही. मग पावसाच्या आत उघड्या उतारांवर जळकी खोडं आडवी टाकायची, दगडांचे लहान बांध घालायचे, म्हणजे राख आणि माती ओढ्यात जाणार नाही. काळी पडलेली सगळीच झाडं तोडायची घाई करू नका. बुंध्याची साल नखाने खरवडून पाहा. खाली हिरवं असेल तर त्या झाडाला एक पावसाळा द्या.